डिस्पोजलचा डिझेल जनित्र-संच : खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, विजेचा उपयोग आता केवळ घरातील दिव्यापुरता राहिलेला नाही. भूम-परंडा भागातील दुधाचे संकलन व शीतकरण, तुळजापूर भागातील द्राक्षबागांचे ठिबक, विंधन विहिरींवरील पाणबुडी पंप, कोंबड्यांच्या शेडमधील पंखे ही सर्व कामे विजेवर चालतात. वळवाच्या वादळात खांब आडवे झाले किंवा रोहित्र, ज्यास गावोगाव डीपी म्हणतात, ते जळाले म्हणजे कधी काही तास तर कधी काही दिवस ही कामे खोळंबतात. अशा वेळी आपल्या घरी विजेची स्वतंत्र सोय असावी असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. नवा संच महाग पडतो, म्हणून सैन्याने काढून टाकलेल्या जुन्या डिझेल जनित्राकडे त्याची दृष्टी वळते.

हा मार्ग सर्वस्वी चुकीचा नाही. मात्र तो डोळसपणे पत्करावा लागतो. जुना संच विकत घेताना जो पैसा वाचतो, तो पुढे डिझेल, दुरुस्ती व न मिळणारे सुटे भाग यांत कित्येक पटींनी जाऊ शकतो. चुकीच्या जोडणीमुळे तर घरातील माणसांच्या किंवा खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. सबब खरेदीपूर्वी चार गोष्टींची शहानिशा करणे आवश्यक आहे : गरज किती आहे, संचाची पाटी काय सांगते, भार घातल्यावर संच कसा चालतो आणि त्याची जोडणी कशी होणार आहे.

डिस्पोजलचा माल कोठून येतो?

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या सुमारास, भारतात जमा झालेली फौजांची पुष्कळ सामग्री सरकारमार्फत विक्रीस निघाली. जीपगाड्या, लॉऱ्या, तंबू, जनित्रे असा नाना प्रकारचा माल त्यात होता. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठीत रूढ झाला तो तेव्हापासून. पुढे हे काम प्रामुख्याने केंद्र सरकारच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे होते. ते महासंचालनालय २०१७ साली बंद झाले. संरक्षण खात्याची बाद व जादा सामग्री आता मुख्यत्वे एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून विकली जाते. ही कंपनी १९६४ साली स्थापन झाली.

या लिलावाचे काही नियम शेतकऱ्याने ध्यानात घ्यावेत. बोली लावण्यासाठी अगोदर नोंदणी करावी लागते व अनामत भरावी लागते. माल 'जसा आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विकला जातो. म्हणजे नंतर दोष आढळला तरी तक्रार चालत नाही. बोलीच्या रकमेशिवाय कर, उचल, क्रेन व वाहतूक हा खर्च खरेदीदाराचा असतो, आणि ठरलेल्या मुदतीत माल उचलावा लागतो. पुष्कळदा संच एकेकटे न विकता गटाने विकले जातात. म्हणून एकट्या शेतकऱ्यास थेट लिलावातून खरेदी करणे सहसा सोयीचे होत नाही. तो बहुधा अशा व्यापाऱ्याकडून संच घेतो, ज्याने गट विकत घेऊन, दुरुस्ती करून, रंग देऊन माल मांडलेला असतो.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. पहिली अशी की, हिरवा रंग दिला म्हणजे संच सैन्याचा होत नाही. दुसरी अशी की, संच खरोखरच सैन्याचा असला, तरी सैन्याने तो का काढून टाकला हा प्रश्न उरतोच. काही सामग्री केवळ जादा झाली म्हणून निघते. पण दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून बाद ठरलेली सामग्रीही त्यात असते. व्यापाऱ्याकडे मूळ लिलावाची व माल ताब्यात दिल्याची कागदपत्रे मागावीत, आणि आपल्या नावाचे पक्के बिल, त्यावर एंजिन व जनित्र या दोहोंचे क्रमांक लिहून, घ्यावे. सरकारी माल चोरीचा निघाल्यास तो बाळगणाराही अडचणीत येतो.

प्रथम गरज मोजावी

संच पाहावयास जाण्यापूर्वी घरी बसून कागदावर भार मांडावा. एका सामान्य घराचा हिशेब असा होईल : नऊ वॅटचे आठ दिवे, ७२ वॅट, पाऊणशे वॅटचे तीन पंखे, २२५ वॅट, दूरचित्रवाणी संच, ८० वॅट, शीतकपाट, १५० वॅट, मोबाइल व किरकोळ, २५ वॅट. एकूण भार ५५२ वॅट, म्हणजे अर्ध्या किलोवॅटहून थोडा अधिक. टाकीत पाणी चढविणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार धरली तरी तो सव्वा किलोवॅटच्या आत राहतो.

आता सैन्याच्या संचांपैकी दहा किलोवॅटचा एखादा संच या घरासाठी घेतला असे समजावे. असे एंजिन नुसते रिकामे फिरतानाही तासाला पाऊण ते एक लिटरच्या आसपास डिझेल जाळते. पुरेशा भारावर तेच एंजिन एका लिटरमध्ये सुमारे तीन युनिट वीज देते. परंतु अर्ध्या किलोवॅटच्या भारावर लिटरमागे जेमतेम अर्धे युनिट पदरात पडते. डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास पहिल्या स्थितीत युनिटला ३० रुपये, तर दुसऱ्या स्थितीत १८० रुपये पडतात, तेही केवळ इंधनाचे. रोज दोन तास संच चालविल्यास महिन्याला पाच हजारांहून अधिक रुपयांचे डिझेल जाते, आणि त्यातून दिवे-पंख्यांखेरीज काही चालत नाही.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. डिझेल एंजिन दीर्घकाळ हलक्या भारावर चालले तर ते पुरते तापत नाही. अर्धवट जळालेले इंधन नळकांड्यात व धुराड्यात साचते, काजळी धरते, रिंगा चिकटतात, आणि सायलेन्सरमधून काळे तेल ठिबकू लागते. म्हणून संचावर त्याच्या क्षमतेच्या निदान तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि शक्य तर निम्म्याहून अधिक, भार असावा हा नियम पाळावा.

यावरून स्पष्ट होते की, ज्या घरात केवळ दिवे, पंखे व दूरचित्रवाणी चालवायची आहे, तेथे जनित्राऐवजी इन्व्हर्टर व बॅटरी हीच सोय योग्य होय. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १.८ युनिट वीज मावते व व्यवहारात तिच्यापासून एक ते सव्वा युनिट मिळते. पाव ते तीन-दशांश किलोवॅटचा भार त्यावर साडेतीन-चार तास निघतो.

शेतीपंपाचा हिशेब निराळा आहे. पाच अश्वशक्तीची मोटार फिरताना सुमारे पावणेपाच किलोवॅट वीज घेते, आणि जनित्राच्या मापात हे सहा केव्हीएच्या जवळपास भरते. पण सुरू होण्याच्या क्षणी हीच मोटार, थेट स्टार्टर असल्यास, चालू प्रवाहाच्या सहापट प्रवाह ओढते. म्हणून अशा मोटारीसाठी सुमारे १५ केव्हीएचा संच लागतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असल्यास १० केव्हीएवर भागू शकते. व्यापाऱ्याने 'सात केव्हीएवर पाचची मोटार चालते' असे सांगितले, तरी ती सुरू होईल काय हा प्रश्न विचारावा.

उघड्या विहिरीवर नुसते पाणी उपसण्याचे काम असेल, तर जनित्र घेऊच नये. एंजिनने जनित्र फिरवावे, जनित्राने मोटार फिरवावी व मोटारीने पंप फिरवावा या वळशात एंजिनच्या शक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो. पाणी सहा मीटरच्या आत असल्यास एंजिनला थेट जोडलेला पंप स्वस्त व सोपा पडतो. विंधन विहिरीतील पाणबुडी पंपास मात्र वीजच हवी. तेथेही दिवसाच्या उपशासाठी सौर पंपाचा विचार आधी करावा. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो.

मग जनित्र कोठे शोभते? जेथे दोन-चार तास वीज नसल्याने मोठी नुकसानी होते तेथे. दूध काढल्यावर लवकर चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड न केल्यास नासू लागते. संकलन केंद्रावरील शीतकरण टाकी बंद पडली तर अनेक घरांचे दूध एकाच वेळी धोक्यात येते. उन्हाळ्यात बंदिस्त शेडमधील पंखे थांबले तर कोंबड्या दगावतात. अशा ठिकाणी भारही पुरेसा असतो आणि खर्चही अनेकांत वाटला जातो. म्हणून मोठा संच एका घराने घेण्यापेक्षा दूध संस्थेने किंवा शेतकरी गटाने घेणे अधिक हितावह आहे.

पाटीचे वाचन

प्रत्येक जनित्रावर धातूची पाटी असते. ती नसलेला किंवा खरवडलेला संच घेऊ नये. पाटीवर चार गोष्टी पाहाव्यात : दाब, फेज, सेकंदाची आवर्तने म्हणजे हर्ट्झ, आणि मिनिटाचे फेरे.

आपल्या देशातील वीज ५० हर्ट्झची असून घरी सिंगल फेजवर २३० व्होल्ट व शेतीपंपास थ्री फेजवर सुमारे ४०० ते ४१५ व्होल्ट दाब मिळतो. पाटीवर ५० हर्ट्झ व १५०० फेरे असल्यास संच आपल्या उपयोगाचा आहे. तीन हजार फेऱ्यांचा संचही ५० हर्ट्झ देऊ शकतो, पण तो अधिक आवाज करतो व लवकर झिजतो.

अमेरिकी बनावटीच्या संचांवर बहुधा ६० हर्ट्झ, १८०० फेरे व १२०/२०८ व्होल्ट असे आकडे आढळतात. हा संच तसाच चालविल्यास आपली मोटार पाचव्या हिश्श्याने अधिक वेगाने फिरेल. पंपास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने भार सुमारे पाऊणपट वाढेल व मोटार जळेल. गव्हर्नर आवळून फेरे १५०० वर आणावेत, तर दाब सहाव्या हिश्श्याने घटून २०८ चे १७३ व्होल्ट होतात. दाब ओढूनताणून वाढविल्यास जनित्राचा गाभा तापतो. सारांश, ६० हर्ट्झचा संच स्वस्तात मिळाला तरी सोडून द्यावा.

पाटीवर ४०० हर्ट्झ असल्यास तो रडार, विमान किंवा तत्सम विशेष उपकरणांसाठी केलेला संच होय. पाटीवर २८ व्होल्ट व 'डी.सी.' असल्यास तो बॅटऱ्या भारण्याचा संच होय. घरास किंवा शेतास या दोहोंचा काहीच उपयोग नाही. त्यातील एंजिन चांगले असले तरी किंमत केवळ एंजिनची धरावी.

शेवटी एंजिनची पाटी पाहावी. पुण्याची किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ पासून डिझेल एंजिने करीत आहे. अशा देशी बनावटीच्या व प्रचारात असलेल्या एंजिनाचे नोझल, रिंगा, गॅस्केट व फिल्टर सोलापूर, लातूर यांसारख्या बाजारांत मिळण्याचा संभव अधिक. परदेशी बनावटीच्या एंजिनाचा एक भाग न मिळाल्यास सारा संच निकामी होतो. म्हणून पाटीवरील नाव व क्रमांक टिपून घ्यावा, सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करावी, आणि मगच सौद्याचे बोलणे करावे.

चालवून पाहणे

जाणकार मिस्त्री सोबत न्यावा. तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. संच थंड असताना पाहावा. आपण जाण्यापूर्वीच तो सुरू करून गरम केलेला असेल तर काहीतरी लपविले जात आहे असे समजावे. एंजिनवर हात ठेवून याची खात्री करून घ्यावी.

२. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ असल्यास त्यात पाणी शिरले आहे. रेडिएटरमधील पाण्यावर तेलाची तवंग असल्यास गॅस्केट किंवा हेड सदोष आहे.

३. डिझेलची टाकी, रबरी नळ्या व वायरिंग तपासावे. वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिलेल्या संचाचे तास कमी भरतात. परंतु टाकीला गंज चढतो, नळ्यांना भेगा पडतात व पंपाचे आणि नोझलचे भाग चिकटतात. तास मोजणारे घड्याळ बदलता येते, म्हणून केवळ त्यावर विश्वास ठेवू नये.

४. जनित्राच्या वाइंडिंगची रोधकता मेगरने मोजावी. ती एक मेगओहमहून कमी असल्यास वाइंडिंग ओलसर किंवा खराब आहे. ओलसर वाइंडिंग वाळविता येते. जळालेले मात्र नव्याने भरावे लागते.

५. संच सुरू करून धूर पाहावा. थंडीत आरंभी थोडा पांढरा धूर येणे साहजिक आहे. तो सतत येत राहिल्यास नोझल किंवा दाबात दोष असतो. निळा धूर ऑइल जळत असल्याचे व काळा धूर इंधन अर्धवट जळत असल्याचे लक्षण आहे. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर जोराने वाफ येत असल्यास रिंगा झिजलेल्या आहेत.

६. भारावर चालवून पाहावे. रिकामा संच नेहमीच सुरेख चालतो. पाणी तापविण्याचे हीटर जोडून टप्प्याटप्प्याने निदान पाऊण भार घालावा व संच तासभर चालवावा. थ्री फेज संचावर तिन्ही फेजवर भार सारखा असावा. भार घालताच आवर्तने थोडी उतरून स्थिर व्हावीत. ती ५२ वरून ५० च्या आसपास आली तर गव्हर्नर ठीक आहे. ती ४८ च्या खाली गेल्यास किंवा सारखी वरखाली होत राहिल्यास दोष आहे. दाबही स्थिर राहिला पाहिजे. शेवटी, शक्य असल्यास, प्रत्यक्ष आपल्या मापाची मोटार सुरू करून पाहावी.

जो विक्रेता भारावर चालवून दाखविण्यास नकार देतो, त्याचा संच भंगाराच्या भावाहून अधिक किमतीस घेऊ नये.

सैन्याच्या पुष्कळ संचांना २४ व्होल्टची सेल्फ असते व त्यासाठी बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्या लागतात. हा खर्चही किमतीत धरावा.

जोडणी व जीविताचे रक्षण

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. कित्येक ठिकाणी जनित्राची वायर घरातील प्लगमध्ये खोचून घर उजळविले जाते. या रीतीने जनित्राची वीज घरातच न थांबता मीटरमधून उलट वाहिनीवर जाऊ शकते. गावातील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून आपल्यास ४०० व्होल्ट देते; तेच रोहित्र उलट बाजूने वीज मिळाल्यास ४०० चे ११,००० व्होल्ट करते. वीज बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनला या दाबाचा धक्का बसल्यास तो वाचत नाही. मेन स्विच आठवणीने बंद करू, असे म्हणणे पुरेसे नाही. अंधारात व घाईत माणूस विसरतो.

म्हणून मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसविल्याशिवाय संच जोडू नये. त्याचा दांडा एका बाजूस असता महावितरणची वीज, दुसऱ्या बाजूस असता जनित्राची वीज मिळते. दोन्ही कधीही एकत्र येत नाहीत. सिंगल फेजसाठी दोन खांबी व थ्री फेजसाठी न्यूट्रलसह चार खांबी स्विच घ्यावा. संचाचा सांगाडा व न्यूट्रल यांचे अर्थिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे. संचाच्या क्षमतेप्रमाणे कोणती परवानगी लागते याची चौकशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात व महावितरणच्या शाखेत खरेदीपूर्वीच करावी.

दुसरा धोका धुराचा. एंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही व वास नाही. पावसात भिजू नये म्हणून संच पडवीत, गोठ्यात किंवा बंद खोलीत ठेवून चालविल्यास झोपलेली माणसे व जनावरे झोपेतच दगावू शकतात. संच घरापासून दूर, चहूबाजूंनी मोकळ्या पत्र्याच्या छपराखाली ठेवावा. धुराड्याचे तोंड खिडक्या-दारांच्या विरुद्ध दिशेस असावे. सैन्याच्या जुन्या संचांना आवाज रोखणारी पेटी बहुधा नसते, त्यामुळे शेजाऱ्यांचाही विचार करावा. चालू किंवा तापलेल्या संचात डिझेल ओतू नये, आणि कडबा, सरमाड व सोयाबीनचे काड जवळ रचू नये.

निगा

संकटकाळासाठी ठेवलेला संच संकटकाळी सुरू झाला नाही तर त्याचा उपयोग काय? दर पंधरवड्यास अर्धा तास तो भारावर चालवावा. बॅटरी भारलेली ठेवावी. निर्मात्याची पुस्तिका नसल्यास ऑइल व त्याचा फिल्टर दर १०० ते १५० तासांनी, आणि वापर कमी असला तरी वर्षातून एकदा, बदलावा. उन्हाळ्यातील धुळीत हवेचा फिल्टर वरचेवर साफ करावा. सहा महिन्यांहून जुने डिझेल साठवून ठेवू नये. चालविल्याचे तास, घातलेले डिझेल व केलेली दुरुस्ती यांची वही ठेवावी. वर्षअखेर तीच वही सांगेल की संच पोसणे परवडते की नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी सल्ला विचारण्यास आला असता त्यास संचाची किंमत विचारण्यापूर्वी त्याच्या भाराची यादी लिहावयास सांगावी. गावात जी जनित्रे आधीच आहेत, त्यांची पाहणी वायरमनच्या साहाय्याने करावी आणि जेथे चेंजओव्हर स्विच नाही तेथे तो बसवून घेईपर्यंत पाठपुरावा करावा. दूध संस्था व गटांना सामाईक संचाचा हिशेब मांडून दाखवावा. सैन्याचा संच मजबूत असतो, धूळ-पाऊस सोसतो, व नीट पारखून घेतला तर पुष्कळ वर्षे सेवा देतो. मात्र तो ५० हर्ट्झचा असावा, भारावर तपासलेला असावा, त्याचे सुटे भाग जवळ मिळावेत, आणि त्याची वीज वाहिनीवर जाण्याची वाट कायमची बंद असावी. या चारांपैकी एकही गोष्ट नसेल तर तो संच, कितीही स्वस्त असला तरी, घरी आणू नये.